साउथ कॅरोलायनाच्या खाड्यांत कयाकवरून रेडफिश-ट्राउट गरवायला निघताना

चार्ल्स्टनहून फॉली बीचकडे जाताना पुलाच्या दोन्ही बाजूंना जो हिरवा-तपकिरी पसारा दिसतो, तो बहुतेकांना नुसती दलदल वाटते. कोकणातल्या माणसाला मात्र ती लगेच खाडी म्हणून ओळखू येते. कांदळवनाच्या जागी कमरेएवढं गवत, बाकी चिखल तोच आणि कालवंही तशीच. ओहोटीला पाहिलेली जागा पुन्हा भरतीला बघा, गवताचे फक्त शेंडे पाण्यावर असतात. या गवताच्या आडोशाने रेडफिश आणि स्पॉटेड सीट्राउट हे दोन मासे वर्षभर राहतात. मोटारबोट जिथे चिखलात रुतते तिथे कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, सहज जाते, म्हणून त्यांच्यामागे जायला कयाक हेच सर्वांत स्वस्त आणि सोयीचं वाहन आहे.

हा लेख शार्लट, रॅली, अटलांटाकडून चार-पाच तास गाडी हाकत किनाऱ्यावर येणाऱ्या नवख्यांसाठी आहे. पोहता येतं, मासे खायला आवडतात, पण कयाकमध्ये बसून कधी गळ टाकलेला नाही, असे लोक डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. काठी कुठली, रीळ कुठलं यावर माणसं तासन्‌तास बोलतात. माझ्या मते या खाड्यांत मासा मिळणं आणि आपण सुखरूप परत येणं, दोन्ही भरती-ओहोटीवर ठरतं. त्यामुळे इथे पाण्याबद्दल जास्त आणि सामानाबद्दल कमी वाचायला मिळेल. टेक्ससमधल्या ह्यूस्टनकडच्यांनी एक लक्षात ठेवावं: तिथल्या गॅल्व्हस्टनच्या किनाऱ्याला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दीड फुटाच्या आत असतो आणि उथळ पाणी वाऱ्यानेच इकडून तिकडे सरकतं. मासे तेच असले तरी तिथला हिशेब वेगळा.

मासे कोणते

रेडफिशचं रीतसर नाव रेड ड्रम. तांबूस-पितळी अंग आणि शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका, कधी एक, कधी चार-पाच. ट्राउट म्हणतात तो गोड्या पाण्यातल्या ट्राउटचा कोणीच नाही. तो आणि रेडफिश दोघेही आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातले. या कुळातले नर पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून आवाज काढतात. हातात आलेला मासा गुरगुरला तर दचकू नका.

दोघांच्या सवयी वेगळ्या आहेत आणि गळ कुठे टाकायचा ते त्यावरूनच ठरतं. रेडफिश खाली तोंड करून चरतो. खेकडे, कोळंबी, चिखलातले छोटे मासे हे त्याचं खाणं, आणि घशातल्या दातांनी तो खेकड्याचं कवच सहज फोडतो. पाठ उघडी पडेल इतक्या कमी पाण्यातही तो शिरतो. ट्राउटला थोडं खोल, थोडं निवळ आणि वाहतं पाणी लागतं. तो दबा धरून बसतो आणि वाहत्या पाण्याबरोबर येणाऱ्या कोळंबीवर खालून झडप घालतो. त्याला पुढे दोन सुळे असतात, तेव्हा बोट तोंडात घालू नका.

रेडफिश खाडीत तीन-चार वर्षंच राहतो. वयात आला की समुद्रात जातो आणि अटलांटिकच्या बाजूला साठ वर्षांपर्यंतही जगतो. 1984 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात मिळालेला 94 पौंड 2 औंसांचा रेडफिश अजून विक्रम धरून आहे. म्हणजे खाडीत तुमच्या गळाला लागतो तो अजून पोरच असतो. इथल्या नियमांत लहान मासे सोडायचे, फार मोठेही सोडायचे आणि मधल्या मापाचेच ठेवायचे असं का, ते यावरून समजतं.

आधी घड्याळ, मग गळ

चार्ल्स्टन बंदरात भरती आणि ओहोटी यांतला फरक सरासरी सव्वापाच फूट. दक्षिणेकडे जावं तसा तो वाढतो आणि सव्हाना नदीच्या मुखाशी सात फुटांच्या जवळ पोहोचतो. फ्लोरिडापासून कॅरोलायनापर्यंत किनारा आत वळलेला आहे, त्या पोटात पाणी कोंडून चढतं. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या आणि रोज सुमारे पाऊण तासाने वेळ पुढे, हे आपल्याकडच्यासारखंच.

तिथीला पाऊण पट केली की भरतीची वेळ मिळते, हा आडाखा कोकणात अनेक घरांत ठाऊक असतो. तो इथे जसाच्या तसा चालवू नका. मुंबईत पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास भरते, चार्ल्स्टनला सकाळ-संध्याकाळी आठ-साडेआठच्या सुमारास. तिथीचा उपयोग उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) ओळखण्यापुरता. वेळेसाठी नोआच्या (अमेरिकेच्या समुद्र-हवामान खात्याच्या) संकेतस्थळावरचं किंवा फोनमधलं भरतीचं कोष्टक बघा, आणि तेही तुम्ही जाणार त्या खाडीचं. बंदरातली भरती आतल्या एखाद्या फाट्यात पोहोचायला अर्ध्या-एक तासाहून जास्त वेळ घेऊ शकते.

आता महत्त्वाचा भाग. ओहोटीचे सहा तास धरले तर पाणी सगळे तास सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. सव्वापाच फुटांच्या ओहोटीत पहिल्या तासाला पाणी जेमतेम पाच इंच उतरतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासाला मात्र प्रत्येकी सव्वा फुटाहून जास्त. नवखा माणूस पहिल्या तासाला निवांत असतो, "पाणी भरपूर आहे" म्हणत छोट्या फाट्यात आत शिरतो, आणि दोन तासांनी कयाकखाली चिखल लागतो. मग पाणी परत तेवढं चढेपर्यंत सहा-सात तास उन्हात, डासांत बसून राहावं लागतं.

उतरून कयाक ओढत नेऊ, असं मनात आणू नका. इथल्या चिखलाला स्थानिक लोक प्लफ मड म्हणतात. वरून तो पाय ठेवण्याजोगा वाटतो आणि मांडीपर्यंत आत घेतो. कुजक्या अंड्याचा वास येतो तो त्यातल्या हवेविना जगणाऱ्या जिवाणूंमुळे. चिखल नसेल तिथे कालवांचे खडक असतात आणि त्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या कापतात. उन्हाळ्यातल्या कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात. उघड्या जखमेतून ते शिरले तर दुखणं फार लवकर हाताबाहेर जाऊ शकतं, विशेषतः मधुमेह किंवा यकृताचा त्रास असलेल्यांना. म्हणून बंद, जाड तळाचे बूट कायम पायात. कापलं तर लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा. सूज किंवा लाली पसरू लागली तर डॉक्टरकडे जायला दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

पहिल्या काही फेऱ्यांसाठी एकच शिस्त पाळा. ओहोटी संपायला दोन तास उरले की मोठ्या खाडीत पाण्यावर या, पाणी तळाला जाईतो मुख्य प्रवाहातच राहा आणि भरती सुरू झाली की तिच्याबरोबर आत सरका. चढत्या पाण्यात कयाक रुतली तरी दहा मिनिटांत आपोआप सुटते. शिवाय ओहोटीला सगळ्या खाडीचा तळ उघडा दिसतो. कालवांचे खडक कुठे, वळणावरचा खोल डोह कुठे, कुठला फाटा कोरडा पडतो, हे सगळं फोनमधल्या नकाशावर खुणा करून ठेवा. भरतीला यातलं काहीच दिसत नाही आणि मासे मात्र तिथेच असतात.

कयाक आणि अंगावरचं सामान

पहिली कयाक विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. दोन-तीन वेगवेगळ्या वापरून झाल्या की आपल्याला काय हवं ते कळतं. वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप प्रकारची कयाक हवी. आत आलेलं पाणी तिच्या भोकांतून आपलं आपण वाहून जातं आणि उलटली तरी बुडत नाही. लांबी दहा ते बारा फूट, रुंदी तीस ते चौतीस इंच, आणि बसायला उंच, पाठ टेकता येईल अशी खुर्ची. पायाने पेडल मारायच्या कयाकचं सध्या फार कौतुक आहे आणि मोठ्या खाडीत ती खरंच सुखाची. पण तिची पाती खाली लोंबतात आणि आपण जातो तो सगळा भाग कालवांचा. त्यात तिचं वजनही साध्या कयाकपेक्षा बरंच जास्त असतं. गाडीच्या टपावर एकट्याने चढवायची असेल तर साधं वल्हंच बरं.

लाइफ जॅकेट प्रत्येकासाठी एक असणं हा कायदा आहे. मोठ्या माणसाने ते कयाकमध्ये नुसतं हाताशी ठेवलं तरी कायदा पाळला जातो, पण उलटलेल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही. अंगातच घाला. मासेमारीसाठी पाठीचा भाग उंच असलेली जॅकेट मिळतात, ती खुर्चीत टोचत नाहीत. त्याला शिट्टी बांधा. अंधार पडणार असेल तर पांढरा दिवा. वल्ह्याला दोरी, फोनला पाण्यात तरंगणारी पिशवी, हाताशी चाकू. आणि घरी किंवा मित्राला एक मेसेज: कुठून पाण्यात उतरतोय, कुठल्या खाडीत जातोय, किती वाजता परत येणार.

नांगर ही नवख्यांची हौस असते आणि बरेचसे अपघात तिच्यातूनच होतात. वाहत्या पाण्यात कयाकच्या कुशीला नांगर बांधला की प्रवाह तिला आडवी धरतो आणि क्षणात पालथी करतो. नांगर नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकाला, आणि दोरी एका झटक्यात सुटेल अशी. उथळ पाण्यात नांगर नकोच. सहा-सात फुटांची काठी चिखलात खुपसून कयाक तिला बांधायची. आवाज होत नाही, काढायलाही सोपी.

आणि पाण्यात पडून पुन्हा चढायचा सराव. हा भाग लोक टाळतात, कारण बायका-मुलांसमोर पाण्यात धडपडायची लाज वाटते. उन्हाळ्यात एखाद्या तळ्यावर छातीभर पाण्यात हा सराव करा. कयाक उलटली असेल तर तिच्या मध्याशी जा, पलीकडची कड पकडा आणि अंगाचा भार टाकून तिला सुलटी करा. मग कडेला दोन्ही हात ठेवून पाय पाण्यावर आडवे येतील इतक्या जोराने झाडा. एका दमात पोट कयाकवर आणा. तिथे थांबा, श्वास घ्या. मग कूस बदलून ढुंगण खुर्चीत टेकवा आणि सर्वांत शेवटी पाय आत घ्या. उभं राहून किंवा गुडघ्यावर चढायला गेलात की ती पुन्हा उलटते. हे दमलेल्या अंगाने तीनदा सलग जमलं की खाडीत जा. जमत नसेल तर कयाक बदला किंवा बरोबर कोणाला तरी घ्या.

काठी, दोरी, आमिष

सात फुटांची, मध्यम किंवा मध्यम-हलकी स्पिनिंग काठी आणि 2500 किंवा 3000 मापाचं रीळ. त्यावर दहा ते पंधरा पौंडांची विणलेली दोरी आणि पुढे दीड-दोन फूट वीस पौंडांची फ्लुरोकार्बन. कालवांना घासून विणलेली दोरी लगेच तुटते, ही पुढची जाड दोरी त्यासाठी. दर दोन-चार माशांनंतर तिच्यावरून बोट फिरवा, खरखरीत लागली की तेवढी कापून नवी गाठ मारा. दोन काठ्या पुरेत. चार काठ्या उभ्या करून निघालेली कयाक दिसायला झकास दिसते आणि पुलाखालून जाताना अडकते.

सुरुवात आवाज करणाऱ्या बुचाने करा. पॉपिंग कॉर्क म्हणतात ते बूच, त्याखाली दीड-दोन फूट दोरी आणि टोकाला जिवंत कोळंबी. झटका दिला की बूच "ब्लुप" असा आवाज करतं. मासे खाताना पाण्यात होतो तसाच हा आवाज, आणि ट्राउट तिकडे वळतो. झटका, मग दहा-पंधरा सेकंद शांत, मग पुन्हा झटका. बहुतेक वेळा शांततेतच बूच बुडतं. कोळंबी महाग वाटली किंवा पिनफिशसारखे छोटे मासे ती कुरतडायला लागले तर प्लास्टिकची लावा, ट्राउट दोन्हीला फसतो.

रेडफिशला तळाशी काहीतरी हवं. मड मिनो नावाचा छोटा, चिवट मासा किंवा बोटाएवढी बोय सर्कल हुकला (टोक आत वळलेल्या गोलसर गळाला) लावून कालवांच्या कडेशी सोडायची. सर्कल हुकला झटका द्यायचा नाही, काठी वाकली की फक्त रीळ फिरवत राहायचं. गळ आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो आणि मासा सोडायचा असेल तर त्याला फारशी इजा होत नाही. झटका द्यायची हाताची सवय मोडायला वेळ लागतो, ते धरून चाला. नकली आमिषात चमच्याच्या आकाराचा सोनेरी पत्रा आणि तीन-चार इंचांचा, शेपटी हलवणारा रबरी मासा, दोन्ही पुरेसे आहेत. गढूळ पाण्यात गडद रंग, निवळ पाण्यात फिका. रंगांवर याहून जास्त पैसे घालवू नका.

ध्रुवीकरण करणारा, पिवळट-तपकिरी काचेचा गॉगल मात्र चांगला घ्या. त्याच्याशिवाय पाण्याखालचा मासा दिसतच नाही. आणि डिसेंबर-जानेवारी सोडले तर बारीक माश्यांसाठी औषध. त्या दिसत नाहीत आणि लांब बाह्यांचा शर्ट नसेल तर दहा मिनिटांत माणूस किनारा गाठतो.

कुठे उतरायचं, कुठे थांबायचं

चार्ल्स्टन बंदराचं उघडं पाणी आणि समुद्राला मिळणारी मुखं नवख्यांनी टाळावीत. सलिव्हन्स आयलंड आणि आइल ऑफ पाम्स यांच्यामधलं ब्रीच इनलेट हे त्यातलं सर्वांत बदनाम. तिथे पोहायलाही बंदी आहे. फॉलीजवळच्या आतल्या खाड्या, किंवा उत्तरेला ऑएनडॉमधल्या गॅरिस लँडिंगवरून केप रोमेन अभयारण्याच्या कडेच्या खाड्या बऱ्या. वल्हं हातात बसेपर्यंत माउंट प्लेझंटच्या शेम क्रीकमध्ये फिरा. तिथे मासेमारीपेक्षा कोळंबीचे ट्रॉलर आणि डॉल्फिन बघण्यातच वेळ जाईल, पण वर्दळीत कयाक कशी सांभाळायची ते कळतं.

वारा ताशी दहा-बारा मैलांपेक्षा जास्त सांगितला असेल तर बेत रद्द. वारा एकीकडून आणि प्रवाह उलट दिशेने असला की मोठ्या खाडीत आखूड, उभ्या लाटा उठतात. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि बऱ्याचदा गडगडाट होतो. पहाटे जा, अकरापर्यंत परत या. ढगांचा आवाज आला की काठी खाली. ती ग्रॅफाइटची असते आणि विजेला भावते.

पाण्यावर आल्यावर लगेच गळ टाकू नका. मोठ्या खाडीत छोटा फाटा कुठे मिळतो ते बघा. ओहोटीला त्या तोंडातून कोळंबी, छोटे मासे, खेकडे सगळे बाहेर ओढले जातात आणि मोठे मासे तिथे जेवायला जमतात. ओहोटीचे शेवटचे दोन तास या तोंडाशी पंधरा-वीस मिनिटं द्या, काही नाही तर पुढचं तोंड. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी खोल असतं, तिथे ट्राउट. आतल्या बाजूला कालवांची कड आणि उथळ चिखल, तिथे रेडफिश. भरती चढू लागली की रेडफिश कालवांच्या खडकांवरून गवताकडे सरकतो. पाण्यात बोय घाबरून उड्या मारत असतील किंवा पृष्ठभागाखालून बाणाच्या टोकासारखी लाट सरकताना दिसली तर ती सोडू नका. गळ माशाच्या डोक्यावर टाकायचा नाही. तो जातो आहे त्या दिशेला तीन-चार फूट पुढे आणि थोडा पलीकडे टाकून, ओढत त्याच्या वाटेत आणायचा.

कयाकचा तळ म्हणजे ढोलाचं कातडं. त्यावर वल्हं आपटलं, डबा पडला की वीस वारांवरचा रेडफिश निघून जातो. बरोबरच्या मित्राशी बोला हवं तर, पण सामान हळू ठेवा.

उन्हाळ्यातल्या उधाणाच्या संध्याकाळी इथे एक वेगळाच खेळ चालतो. चार्ल्स्टनच्या कोष्टकात भरती साडेपाच फुटांच्या वर दाखवली असेल तर पाणी आतल्या घट्ट जमिनीवरच्या आखूड गवतात शिरतं. तिथे फिडलर नावाच्या छोट्या खेकड्यांची बिळं असतात. एरवी या खेकड्यांपर्यंत पोहोचू न शकणारा रेडफिश त्या दीड फूट पाण्यात उभा राहून, डोकं खाली खुपसून बिळं उकरतो आणि त्याची शेपटी गवताबाहेर हलते. ठिपकाही दिसतो. कयाक कडेला काठीला बांधा आणि इथे मात्र उतरून चाला, कारण या आखूड गवताखाली जमीन टणक असते. उंच गवताखाली तसं नसतं, तिथे उतरायचं नाही. पाय उचलून टाकू नका, घासत पुढे न्या, म्हणजे पाकट असलं तर बाजूला सरकतं. शेपटी बुडाली की थांबा, वर आली की दोन पावलं. गळ गवतात न अडकणारा लावा आणि शेपटीपासून दोन फुटांवर, डोक्याच्या बाजूला हळूच सोडा. पाणी उतरू लागलं की मासे तुमच्याआधी निघतात. ते गायब झाले की तुम्हीही कयाककडे वळा, कारण दिवसही मावळलेला असतो.

मोसम

ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यांत उत्तम. कोळंबी खाडीतून समुद्राकडे निघालेली असते, बोय झुंडीने फिरत असते, ट्राउट भूक लागल्यासारखा खातो आणि हवाही बरी. नवख्यांनी सुरुवात याच दिवसांत करावी. जानेवारीत पाणी इतकं निवळ होतं की रेडफिशचे थवे दुरून दिसतात. डॉल्फिन त्यांच्या मागे लागतात म्हणून ते उथळ चिखलावर गर्दी करून राहतात. पण पाणी तेव्हा पन्नास फॅरनहाइटच्या आसपास असतं. पडलात तर हातपाय लवकर बधिर होतात, म्हणून वेटसूट किंवा ड्रायसूट नसेल तर किनाऱ्यावरूनच गरवा. कडाक्याच्या थंडीत ट्राउट मोठ्या संख्येने मरतो. 2018 च्या जानेवारीतल्या बर्फानंतर राज्याच्या मत्स्यखात्याने लोकांना ट्राउट सोडून देण्याची विनंती केली होती. एप्रिल-मे मध्ये मोठ्या, अंडी भरलेल्या ट्राउटच्या माद्या सापडतात. त्या सोडा, असं मी सांगेन.

मासा लागल्यावर

परवाना आधी. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला खाऱ्या पाण्याचा परवाना लागतो, तो राज्याच्या नैसर्गिक संपदा खात्याच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत मिळतो. किती मासे ठेवायचे आणि किती इंचांचे, हे आकडे बदलत राहतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी तिथेच बघा. मापपट्टी कयाकला चिकटवून ठेवा. ठेवलेला मासा किनाऱ्यावर येईपर्यंत डोकं-शेपटीसकट अख्खा हवा, कयाकमध्येच तुकडे करायचे नाहीत. एखाद्या माशाला छोटा टॅग लावलेला दिसला तर त्यावरचा क्रमांक, माशाची लांबी, जागा आणि तारीख टिपून खात्याला कळवा.

पकडलेला रेडफिश विकायला या राज्यात बंदी आहे. 1980 च्या सुमाराला न्यू ऑर्लीन्समध्ये शेफ पॉल प्रुडोम यांनी तव्यावर काळा करून भाजलेला रेडफिश लोकप्रिय केला. मागणी एवढी वाढली की काही वर्षांतच मेक्सिकोच्या आखातातली मोठ्या रेडफिशची मासेमारी थांबवावी लागली. 2007 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून संघराज्याच्या समुद्रातल्या रेडफिशची विक्री बंद करण्याचं धोरण जाहीर केलं. हॉटेलात मिळतो तो बहुतेक शेततळ्यातला.

रेडफिश लागला की कयाक ओढत नेतो. ओढू द्या. रीळ घट्ट आवळू नका, फक्त काठीचं टोक कालवांच्या उलट बाजूला ठेवा. ट्राउटचं तोंड कागदासारखं नाजूक, जोर लावला की गळ फाटून सुटतो. त्याला जाळीतच घ्या. सोडायचा मासा ओल्या हातांनी, आडवा, पोटाखाली आधार देऊन धरा. जबड्याला उभा लटकवून फोटो काढला तर मोठ्या माशाचा मणका दुखावतो. प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरा, तो स्वतः निसटेपर्यंत.

ठेवायचा असेल तर लगेच मारा आणि बर्फात घाला. ट्राउटचं मांस मऊ, उन्हात तासाभरात पिठूळ होतं. ते रवा लावून तळायला उत्तम, कालवणात मात्र विरघळतं. मांसात कधी पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा दिसतो. माणसाला तो बाधत नाही, काढून टाका. रेडफिशचं मांस घट्ट, कोकम-तिरफळाच्या कालवणात तुकडा मोडत नाही. इथली पद्धतही करून बघा. खवलं न काढता नुसत्या दोन पाठी सोडवायच्या, मांसाच्या बाजूला हळद, तिखट, लसूण, मीठ आणि थोडं लोणी लावायचं आणि खवल्यांची बाजू खाली ठेवून निखाऱ्यावर झाकून भाजायचं. उलटायचं नाही. खवल्यांचं कवच करपतं, मांस त्यात वाफेवर शिजतं आणि चमच्याने सुटं निघतं.